म्होरं बघून बोल की!

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

साल १९८४. खंडेनवमीची संध्याकाळ. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं पटांगण. सकाळी यंत्रांची पूजा झालेली होती. लेथ, ड्रिल, क्रेन, अगदी छिन्नी-हातोड्यालासुद्धा झेंडूची माळ. भट्टी थंड. वर्षातून एकदाच त्या आवारात इतकी शांतता असायची की महामार्गावरच्या ट्रकचे आवाज आत ऐकू यायचे. संध्याकाळी कामगारांचा कार्यक्रम. पुढं खुर्च्यांची एक रांग, तिच्यात मालक, त्यांचे पाहुणे आणि मॅनेजर. मागं सतरंज्या. त्याच्याही मागं, मोल्डिंगच्या वाळूच्या ढिगावर, तरणी पोरं.

मी पॅटर्न शॉपला होतो. लाकडाचे साचे करणं हे माझं काम, आणि नकला करणं ही माझी खोड. मोल्डिंगमधल्या एका मित्राला घेऊन मी त्या दिवशी बतावणी करायला उभा राहिलो. डोक्याला वाकडा पटका, हातात काठी. आमच्या फेटलिंगला एक वयस्कर गडी होता. सगळे त्याला आबा म्हणायचे. आबाचा खोकला सगळ्या शेडला ठाऊक. मित्रानं विचारलं, ‘‘काय रं, कंपनीचा भोंगा बिघडलाय म्हनं?’’ मी म्हणालो, ‘‘बिघडू दे की. फेटलिंगचा आबा हाय न्हवं? एकदा खोकला की नागाव फाट्यापातूर शिफ्ट सुटती!’’ आणि आबाचा खोकला काढून दाखवला. आधी बारीक, मग खालून वर चढत गेलेला, शेवटी शिट्टीसारखा.

पटांगण फुटलं. मालकांनी डोळे पुसले. आबा स्वतः टॉवेल तोंडाला लावून हसत होता आणि हसता हसता खोकत होता, त्यामुळं आणखीच हशा. तेवढ्यात बाजूनं, कॅन्टीनच्या दारातून, एका बाईचा आवाज आला. चहा करणाऱ्या मावशी. ‘‘आरं ए, मागं काय बघतोयास? म्होरं बघून बोल की!’’

क्षणभर सगळं थांबलं. पुढच्या रांगेतली दोन-तीन डोकी मागं वळली. मी काय केलं? सोंगाड्या म्हणून उभा राहिलेला माणूस हाळीला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. मी म्हणालो, ‘‘मावशे, चहात पानी जरा कमी घाल, मग बोल!’’ पुन्हा हशा, पुन्हा टाळ्या. मावशी आत गेल्या. मी जिंकलो होतो. पुढची वीस मिनिटं बतावणी रंगली, कार्यक्रम संपल्यावर मालकांनी पाठीवर थाप मारली आणि शंभराची नोट दिली.

ती नोट खर्च झाली. पण मावशींचं ते वाक्य काही सुटलं नाही. त्यांना तमाशातलं फार कळत होतं असं नाही. पण त्या एका वाक्यात सोंगाड्याच्या सगळ्या परंपरेचा हिशेब होता, आणि हे मला कळायला बरीच वर्षं गेली. पुढं सुट्टी मिळेल तसं मी पुस्तकं वाचली, जत्रांतून फडावरच्या जुन्या माणसांशी बोललो. आज जे सांगतोय ते त्यातून जमलेलं.

तमाशा आपल्याला लावणीमुळं माहीत असतो. पण फडाचा कणा सोंगाड्या. गण झाला की गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गणात देवाला वंदन, आणि लगेच गौळणीत त्याच देवाची चेष्टा. कृष्ण गवळणींची वाट अडवतो, सोबत तो पेंद्या, आणि समोर लुगडं नेसून उभा राहिलेला पुरुष म्हणजे मावशी. ही मावशी देवाला काय काय बोलते! ज्या गावात सकाळी पालखीपुढं लोटांगण घातलेलं असतं, तेच गाव रात्री त्या देवाची फजिती बघून हसतं, आणि कुणाला त्यात विटाळ झाला असं वाटत नाही. वग तसा उशिरा आला. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सावळजचे उमा-बाबाजी यांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात, १८६५ च्या सुमाराचा. वगात राजा आला, प्रधान आला, कोतवाल आला. आणि त्यांच्यासमोर आला हुजऱ्या किंवा हवालदार. तोच सोंगाड्या.

या सोंगाड्याला लिहून दिलेलं वाक्य नसतं. वगाची गोष्ट ठरलेली, बाकी त्याची जीभ. राजा ‘राज्याचा काय हालहवाल?’ असं विचारतो आणि सोंगाड्या त्या गावचा हालहवाल सांगतो. वाट खचलीय, विहिरीला पाणी नाही, सोसायटीचं खत कुणाच्या गोठ्यात उतरलं. राजा नाटकातला, पण उत्तर खऱ्या गावाचं. आणि ज्याच्यामुळं वाट खचलेली असते तो समोरच, पहिल्या रांगेत, लोडाला टेकून बसलेला असतो. त्यानंच फडाला सुपारी दिलेली असते.

एका फडावरच्या म्हाताऱ्या सोंगाड्यानं मला सांगितलं होतं, ‘‘गावात उतरलो की पयलं दोन घरं बघायची. एक पाटलाचं आन एक न्हाव्याचं. पाटलाला मुजरा करायचा आन न्हाव्याकडं दाढी करायची. रात्रीचा सगळा मसाला न्हावी देतो.’’ मग रात्री पाटलावर बोलायचं, पण पाटील हसेल असं बोलायचं. ते कसं, असं मी विचारलं. म्हणाला, ‘‘आधी सोताला येडा करायचं. येड्यानं म्हटल्यालं कोन मनावर घेतो?’’ स्वतः आधी मातीत लोळायचं आणि मग दुसऱ्याच्या धोतरावर दोन शिंतोडे उडवायचे, ही त्याची रीत. मी खंडेनवमीला नेमकी ही पहिली पायरी गाळली होती.

प्रेक्षकांचंही तसंच. तमाशाचा प्रेक्षक कधी मुका नव्हता. हाळी, शिट्टी, हुर्यो, उडवलेला फेटा, हा खेळाचाच भाग. सोंगाड्या एक बोलणार, कडेवरचा कुणी त्याच्या वरचढ बोलणार, सोंगाड्या तिसरं बोलणार. ज्याला गावकऱ्यानं निरुत्तर केलं त्या सोंगाड्याची पुढच्या गावापर्यंत नाचक्की. आमच्या भागात कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव घेतलं की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे अजून उजळतात. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातले काळू आणि बाळू हे दोन हवालदार त्यांनी असे रंगवले की त्यांची खरी नावं लोक विसरले. दोघांचा तोंडवळा सारखा, त्यामुळं कोण कुणाला झापतोय तेच कळेना. हवालदाराची टिंगल, आणि जत्रेच्या बंदोबस्ताला आलेला खरा हवालदार कनातीला टेकून हसतोय, असा तो काळ.

पण मी इथं फार गोड चित्र काढलं तर ते खोटं होईल. जत्रेत हाळ्या पडायच्या त्या सगळ्या सोंगाड्यावर पडत नव्हत्या. बऱ्याच बायांवर पडायच्या. सोंगाड्याला उत्तर देता यायचं. नाचणाऱ्या बाईला हसून साजरं करावं लागायचं, कारण दौलतजादा त्याच हातातून यायचा ज्या हाताची शिट्टी असायची. गौळणीतली मावशी पुष्कळदा या बायांची ढाल असते. चावट बोलणं ती स्वतःवर ओढून घेते. ही युक्ती कुणी ठरवून केली की आपोआप झाली कोण जाणे, पण ती आहे. आणि सोंगाड्याचे सगळे विनोद राजाकडं तोंड करून होते असंही नाही. तोतरा, बहिरा, काणा, दुसऱ्या मुलखातून आलेला भैया, नवरा सोडलेली बाई, हे हुकमी हशे होते. फडावरची माणसं बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजाची. त्यांना गावात वरच्या आळीत पाणी मिळायचं नाही, आणि रात्री बोर्डावर उभं राहून त्यांनी आपल्याच वस्तीची बोली वाकडी करून गावाला हसवायचं. या हसण्याची किंमत कुणी चुकवली हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, ब्राह्मण असून तमाशात आले, पवळाबाईंच्या साथीनं त्यांनी मुंबई गाजवली. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारलं, अशी नोंद आहे. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको, हे त्यामागचं कारण. तमाशावर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना अवघड जातं. पण ते गाळून तमाशाचा इतिहास सांगता येत नाही.

आता सरकारकडं वळू. कारण विनोद कुठं थांबावा हे ठरवायला सरकार फार लवकर पुढं आलं.

१८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आपल्याला ‘कीचकवधा’मुळं आठवतो. खाडिलकरांचं ते नाटक १९०७ मध्ये आलं आणि १९१० मध्ये त्याच्यावर बंदी आली. पण तो कायदा जन्माला आला तो एका प्रहसनातून. प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आले असताना एका बड्या वकिलानं त्यांना आपल्या घरच्या बायकांच्या दालनात नेलं. लगेच तिथल्या रंगभूमीनं ‘गजदानंद’ नावाचं पात्र करून त्या वकिलाची टर उडवली. ज्याची टर उडवली तो राजनिष्ठ, पाहुणा राजपुत्र. सरकारनं आधी वटहुकूम काढला आणि वर्षाच्या आत कायदा केला. एका फार्सानं देशाला दिलेला हा कायदा इंग्रज गेल्यावरही पुस्तकात राहिला आणि २०१८ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासून घ्यायची पद्धत निराळी. तिच्यासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १९५४ पासून आहे. सोंगाड्याची अडचण अशी की त्याच्याकडं तपासायला द्यायला संहिताच नसते!

याच काळात सत्यशोधक जलसे सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात त्यांचा जोर. साचा तमाशाचाच, पण शृंगार काढून टाकलेला, आणि विनोदाचं तोंड सरळ भटजी, कुलकर्णी आणि सावकाराकडं वळवलेलं. पुण्यात गणेशोत्सवाच्या मेळ्यांत एका बाजूला छत्रपती मेळा आणि दुसऱ्या बाजूला सन्मित्र मेळा, अशी १९२० नंतर गाण्यांची लढाईच जुंपली. दोन्हीकडची पदं आज कुणी छापणार नाही अशी होती. दिनकरराव जवळकरांनी त्या वातावरणात ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका लिहिली, तीत टिळक आणि चिपळूणकरांवर जहाल भाषा होती. खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९२६ मध्ये अपिलात आरोपींची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. आरोपी सुटले. मला इथं एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. तमाशाचा पैसा नाकारणारा आणि बोचऱ्या पुस्तिकेच्या लेखकाला वाचवणारा माणूस एकच आहे, आणि यात विसंगती नाही. एका जागी ज्यांना उत्तर देता येत नाही अशांच्या जिवावर करमणूक होती. दुसऱ्या जागी ज्यांच्यावर टीका होती त्यांच्या बाजूला वर्तमानपत्रं होती, वकील होते, कोर्टं होती. ती पुस्तिका मला आवडते का? नाही. पण तिच्यासाठी माणूस तुरुंगात जावा असंही वाटत नाही.

स्वातंत्र्य आलं आणि तमाशावरच गदा आली. १९४७-४८ च्या सुमाराला बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडाच्या फड बसले. ढोलकी-तुणतुणं घरी टांगून माणसं ऊस तोडायला गेली. मग कलावंतांची गाऱ्हाणी, समिती, सुधारणा, आणि अटी घालून परवानगी. अण्णा भाऊ साठे आणि त्यांचे सहकारी १९४४ पासून लाल बावटा कलापथकातून गिरणगावात वग करत होते. त्यांच्या तमाशात गौळण नव्हती, गणात देव नव्हता. तिथं सोंगाड्याच्या समोरचा राजा गेला आणि शेठजी आला. त्यांच्याही कार्यक्रमांवर बंद्या आल्या, आणि तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढं रूढ होत गेला. बंदी अश्लीलतेवर होती असं म्हणतात. पण अण्णा भाऊंच्या वगात अश्लील काय होतं?

इथं माझ्या विषयाशी जवळचा एक योगायोग सांगतो. त्याच १९४८ मध्ये कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळं होणाऱ्या रोगांची यादी होती. ते रोग आढळले तर कळवणं बंधनकारक होतं. त्या यादीत सिलिकोसिस होता. वाळूच्या बारीक धुळीनं फुप्फुस घट्ट होत जातं, तो रोग. ओतलेल्या जॉबला चिकटलेली वाळू छिन्नीनं आणि ग्राइंडरनं काढायची, यालाच आम्ही फेटलिंग म्हणतो. आमच्याकडं ड्युटी सुटताना गुळाचा खडा खायची पद्धत होती, गुळानं धूळ उतरते म्हणून. कोल्हापूरचा गूळ चांगला, पण इतका चांगला नाही. मी चाळीस वर्षांपूर्वी जो खोकला काढून दाखवला त्याचं नाव कायद्याच्या पुस्तकात मी जन्मायच्या आधीपासून छापलेलं असावं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला भोंगा म्हणावं! तंबाखूनं खोकतो, असंच आम्ही समजत होतो. निदान तसं म्हणत होतो.

दादा कोंडके यांना वगळून सोंगाड्याची गोष्ट पुरी होत नाही. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ ला आलं आणि दीड हजारांवर प्रयोग झाले. दादा नायगावचे, गिरणी कामगाराच्या घरातले. सबनिसांची संहिता पक्की, पण दादा त्यात रोजचं वर्तमानपत्र घालायचे. काल विधानसभेत काय झालं ते आज राजाच्या दरबारात. शहरी प्रेक्षक, तिकीट काढून आलेला, अंधारात बसलेला, तरी दादा त्याला बोलतं करायचे. त्यांना सिनेमात आणलं ते आपल्या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी, ‘तांबडी माती’तून. १९७१ मध्ये त्यांचा स्वतःचा ‘सोंगाड्या’ आला. आणि मग पुढचं सगळं. माझं मत विचाराल तर ‘विच्छा’तला दादांचा हवालदार हा मराठी विनोदाचा एक कळस आहे. पुढच्या चित्रपटांतल्या द्व्यर्थी संवादांबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. हसू मलाही आलं. पण ‘विच्छा’त समोर राजा आणि कोतवाल होते. चित्रपटांत हळूहळू राजा दिसेनासा झाला आणि नायिका तेवढी उरली. पडद्यावरच्या सोंगाड्याला हाळी देता येत नाही, याचाही तो परिणाम असेल.

आमच्या हातकणंगले तालुक्याचा तर कथाकथनातही वाटा आहे. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, त्यांच्याबरोबर व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार. साठच्या दशकात हे तिघं गावोगाव कथा सांगत फिरले. नुसता माणूस आणि ध्वनिक्षेपक. आज स्टँड-अप म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. पाटलांच्या गोष्टीतला सरपंच, मास्तर, दारुडा समोर बसलेला असायचा आणि आपण तो नव्हेच अशा थाटात हसायचा. याच शंकर पाटलांनी ‘पिंजरा’चे संवाद लिहिले. तमाशा गावाबाहेर काढायला निघालेला मास्तर शेवटी तुणतुणं घेऊन फडात उभा राहतो, ही ती गोष्ट. १९७२ चा चित्रपट. मी तो तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मला मास्तराची दया आली, तमाशाची नाही.

हल्लीचं थोडं. माझा नातू मोबाइलवर मला हे विनोदी कलाकार दाखवतो. त्यातले काही खरोखर हजरजबाबी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापुरात प्रणीत मोरे या मराठी कलाकाराला कार्यक्रमानंतर मारहाण झाली. एका नव्या अभिनेत्यावर केलेल्या विनोदाचं कारण सांगितलं गेलं. मारणारे फोटो काढायच्या निमित्तानं जवळ आले होते. त्या अभिनेत्यानं नंतर आपला या प्रकाराशी संबंध नसल्याचं सांगून निषेध केला. पुढच्याच महिन्यात उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीताची कुणाल कामरा यांची चित्रफीत बाहेर आली आणि मुंबईत खारला ज्या जागी कार्यक्रम झाला होता तिथं तोडफोड झाली. विनोद बरे की वाईट, यावर घरोघर वाद झाले. आमच्याही घरी झाला.

मला त्यात वेगळंच दिसतं. जत्रेतला पाटील कनातीच्या आत होता. त्याला राग आला तर तो तिथंच उठून बोलायचा, सोंगाड्या उत्तर द्यायचा, सगळं गाव साक्षीला. सुपारीचे पैसे कापले गेले असतील, क्वचित काठीही उगारली गेली असेल. सगळं गुण्यागोविंदानं व्हायचं असं मी म्हणत नाही. पण हाळी आणि उत्तर एकाच रात्रीत, एकाच उजेडात व्हायचं. आता ज्याच्यावर विनोद होतो तो त्या खोलीत नसतो, ज्याला राग येतो त्यानं कार्यक्रम पाहिलेला नसतो, एक मिनिटाचा तुकडा पाहिलेला असतो, आणि हाळी येते ती चार दिवसांनी, दांडकं घेऊन. तिला उत्तर कसं द्यायचं हे कुठल्याच सोंगाड्याला शिकवलेलं नाही. आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर आमच्या मावशींना कॅन्टीनच्या दारातून मला अडवता आलं, कारण मी त्यांच्यासमोर उभा होतो. मोबाइलमधल्या कुणी आज एखाद्या आबाचा खोकला काढला तर त्या मावशी कुठं उभ्या राहणार?

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी मी पाठ केलं होतं. आधी स्वतःची, माझ्या टकलाची आणि तिरप्या झालेल्या साच्यांची यथेच्छ फजिती करून घेतली. मग मित्रानं विचारलं, ‘‘राजेसाहेब इचारत्यात, राज्यात कशाचं पीक जास्त?’’ मी पहिल्या रांगेकडं बघत म्हणालो, ‘‘धुळीचं! पेरायला लागत न्हाई, राखायला लागत न्हाई. आन कापायची येळ आली की मानूसच कापला जातो.’’ वाळूच्या ढिगावरून शिट्ट्या आल्या. पहिली रांग हसली नाही. कुणी काही बोललंही नाही, मला कामावरून काढलं नाही, काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कार्यक्रमाला ऑर्केस्ट्रा आणला, एवढंच. मावशींनी मात्र त्या रात्री मला चहा दिला तो निव्वळ दुधाचा.

आबा त्या वेळी नव्हता. त्यानं पावसाळ्यातच काम सोडलं होतं. दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. माफी मागायची, एवढंच डोक्यात. आबा सोप्यात खांबाला टेकून बसला होता, उशा रचून, कारण त्याला आडवं होता येत नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच त्यानं नातवाला हाक मारली. ‘‘ह्यो बघ, ह्यो त्यो कंपनीतला सोंगाड्या,’’ तो म्हणाला, आणि दम घेऊन माझ्याकडं वळला. ‘‘माजा खोकला लई झ्याक काडतोस तू. दाव की पोराला.’’

मला तो काढता आला नाही. आबा म्हणाला, ‘‘इसरलास व्हय?’’ मग नातवानंच काढून दाखवला. अगदी हुबेहूब, शेवटच्या शिट्टीसकट, आणि आबा उशीला धरून हसत राहिला.